तीन बोटं जागा

गेवराईत हायवेला लागून, पेट्रोल पंपाच्या पुढं तिसऱ्या शटरात ‘राधाकिशन मशिनरी स्टोअर्स’ आहे. ऑक्टोबरातल्या एका दुपारी तिथं एक तरुण शिरला, कोपरापर्यंत तेलात बुडालेला. त्याच्या शर्टाचा मूळ रंग कोणता, हे फक्त त्याच्या आईला ठाऊक असावं. बाहेर रस्त्याच्या कडेला ट्रेलरवर ऊसतोडणीचं भलंमोठं मशीन उभं होतं आणि त्याच्या पोटातून थेंब थेंब तेल गळत होतं.

“ताई,” तो म्हणाला, “सतरा नंबरचा पाना द्या. सगळ्यात जड असंल त्यो.”

एका वाक्यात त्यानं दोन चुका केल्या. एक म्हणजे जड पाना मागितला. दुसरी म्हणजे ‘ताई’ म्हणाला. पहिली चूक दहा मिनिटांत सुधारली. दुसरी सुधारायला त्याला पुढं महिना लागला.

पहिल्या चुकीचा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. आपल्याकडं पाना घ्यायची रीतच तशी आहे. तळहातावर ठेवायचा, दोनदा वरखाली करायचा, ओठ पुढं काढायचे आणि ‘माल हाय’ म्हणायचं. कलिंगडाची परीक्षा याहून कडक असते.

काउंटरमागं शिवकन्या बसली होती. राधाकिशनरावांची एकुलती एक मुलगी, बीडच्या पॉलिटेक्निकची मेकॅनिकल पदविका, वय सव्वीस. समोरच्या परातीतले मिसळलेले नट ती न बघता नुसत्या बोटांनी वेगळे करत होती. दहाचे इकडं, बाराचे तिकडं... गहू निवडावेत तसे. तरुण ते बघतच राहिला. बाहेर तेल गळतंय, हे तो थोडा वेळ विसरला.

“कुठं लावायचाय?” तिनं विचारलं.

“नटाला.”

“नट कुठं आहे?”

“पंपाच्या मागं. हात जातो, पाना बी जातो, पर फिरवायला जागा न्हाई. समदं कव्हर खोलावं लागतं. अर्धा दिस जातो बगा.”

“मग जड पाना घेऊन काय करणार? नटाला धाक घालणार?”

तो हसला. तेलकट चेहऱ्यात दात एवढे पांढरे दिसले, की शिवकन्येनं उगाच परातीकडं पाहिलं. मग तिनं काउंटरखालून एक प्लायवूडचं खोकं वर काढलं. खोक्याच्या दोन बाजूंना हात जाईल एवढी दोन भोकं, भोकांवर काळं फडकं. आत काय आहे ते दिसत नव्हतं.

“हात घाला.”

“आत काय हाय?”

“विंचू नाही.”

आत एक लोखंडी पट्टी होती, तिला नटबोल्ट, आणि नटाला खेटून एक जाड पाइप. हे खोकं शिवकन्येनं स्वतः केलेलं. वजनावर पाने नेणारे लोक आठ दिवसांत ‘बसत न्हाई’ म्हणत परत येत, त्याला कंटाळून. आता तिचा नियम होता, खोक्यातला नट फिरला तरच पाना विकायचा. गिऱ्हाइकं त्या खोक्याला ‘अंधारकोठडी’ म्हणत आणि आत हात घालण्याआधी देवाचं नाव घेत.

तिनं आधी साधा रिंग पाना दिला. तरुणानं तो बसवला, जरासा हलवला आणि पाना पाइपला आपटला. काढला, परत बसवला, परत आपटला. कपाळावर घाम आला.

“आता हा घ्या.”

या पान्याचं कडं बारीक होतं आणि फिरवलं की त्यातून आवाज यायचा... किर्र... किर्र... रातकिड्यासारखा.

“रॅचेट पाना,” ती म्हणाली. “कड्याच्या आत बहात्तर दाते आहेत. पाच अंश हलला तरी पुढचा दात धरतो. काढायचा नाही, परत बसवायचा नाही. नुसता मागं-पुढं.”

“म्हंजे हलायचं जरासंच... पर सोडायचं न्हाई.”

“बरोबर.”

किर्र... किर्र... त्याचा चेहरा देवळात घंटेचा आवाज ऐकल्यासारखा झाला. पण मग नटाबरोबर पलीकडून बोल्टही फिरायला लागला. तो धरायला कुणीतरी हवं होतं. शिवकन्येनं सहज दुसऱ्या भोकातून हात घातला. हे ती रोज वीस जणांसाठी करायची, आणि सहजच करायची.

“फिरतंय का?” त्यानं विचारलं.

“माझं बोट फिरतंय. सोडा.”

चटका बसल्यासारखा त्यानं हात बाहेर ओढला. खोक्यात अंधार होता हे बरं झालं. दोघांचे चेहरे मात्र उजेडात होते.

शेवटी तो सतराचा पाना तिनं त्याला दहा मिनिटांसाठी असाच दिला. तो ट्रेलरवर चढला, मशीनच्या पोटाखाली उताणा झाला आणि आतून किर्र-किर्र सुरू झालं. शिवकन्या काउंटरवरून बघत होती. घाई नाही, शिव्या नाहीत, आपटाआपटी नाही... बाळाला अंगडं घालावं तसा तो त्या लोखंडात हात घालत होता. तेल गळायचं थांबलं. परत आला तेव्हा त्यानं पाना काउंटरवर ठेवला. तो पुसलेला होता. स्वतः डोक्यापासून पायापर्यंत तेलकट, आणि पाना लख्ख.

“पुरा सेट द्या,” तो म्हणाला. “मी अंगद. युसूफ वडगावचा. हे मशीन आमच्या गावच्या मोहनरावांचं हाय, मी चालवतो आन् मीच दुरुस्त करतो.”

“आज सेट देणार नाही.”

“कावून?”

“आधी मशीनवरच्या अडचणीच्या जागा मोजून आणा. कोणत्या नंबरचा नट, किती जागा, पाना सरळ जातो का मान वाकवावी लागते. मग कोणता सेट ते ठरवू.”

विकायचं सोडून परत पाठवणारं दुकान अंगदनं पहिल्यांदाच पाहिलं. तो गेला. ट्रेलर बीडच्या दिशेनं दिसेनासा होईपर्यंत शिवकन्येनं एकही नट निवडला नाही.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिवकन्येला बघायला आतापर्यंत तीन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते. पोहे तिघांनाही आवडले. मुलगी तिघांनाही पसंत पडली. आणि तिन्ही वेळा चहाचा कप खाली ठेवता ठेवता कुणीतरी विचारलं, ‘मग लग्नानंतर दुकान कोण बघणार?’ शिवकन्या म्हणायची, ‘मीच.’ मग पाहुण्यांना एकदम घरची कामं आठवायची. तिची आई वनमालाबाई आता थकल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडून वदवून घेतलं, की दिवाळीआधी पालीचे पाहुणे येणार आहेत, तिथं जमलं तर पोरीनं ‘मीच’ म्हणायचं नाही. दुकानाचं शटर मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचं. मोबाईलवाला येऊन भिंतीचं मापही घेऊन गेला होता, जिथं पाने लटकतात तिथं काचेचं कपाट बसवायला. शिवकन्येनं त्याला टेप धरायला मदत केली आणि नंतर गोदामात जाऊन नाक पुसलं.

आठ दिवसांनी अंगद मोटारसायकलवरून आला. शर्ट धुतलेला. निळा होता तर!

गल्ल्यावर राधाकिशनराव होते. शेजारच्या स्टुलावर बंकटमामा बसले होते. गोदाकाठच्या एका गावचे शेतकरी. दर आठवड्याला काहीतरी घ्यायला येत आणि घेतल्यावरही तासभर उठत नसत.

“वडगावहून आलात?” मुलीनं सांगितलेलं आठवून राधाकिशनरावांनी विचारलं. “केजला पाने मिळत न्हाईत?”

“मिळतात की.”

“आन् बीडला?”

“लई मिळतात.”

“मंग?”

अंगदनं बराच विचार केला. “रस्ता चांगला हाय,” तो म्हणाला.

राधाकिशनरावांचं आयुष्य त्या रस्त्याच्या कडेला गेलं होतं. त्यांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं, मग अंगदकडं.

अंगदनं वही काढली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तेरा नंबर, तीन बोटं जागा. सतरा नंबर, दोन बोटं आन् जरासं. दहा नंबर, करंगळी.’ अशा दोन पानं भरून बोटंच बोटं.

शिवकन्येनं वही वाचली. “ही बोटं कुणाची?”

“माझी. दुसऱ्याची कशाला घिऊ?”

“तुमच्या तीन बोटांत माझी चार बसतात. असं माप कसं चालेल?”

“आमच्या वडगावात समदे बोटानंच मोजतात.”

“ठेवा हात.”

त्यानं काउंटरवर हात ठेवला. तिनं व्हर्नियर कॅलिपर काढला आणि त्याची तीन बोटं त्यात धरली. “अठ्ठावन्न मिलिमीटर.” मग दोन बोटं. मग करंगळी. कॅलिपरला चूक होत नाही, तरी मधलं बोट तिनं दोनदा मोजलं.

“नवऱ्या मुलाची उंची मोजलेली बगितलीय,” बंकटमामा म्हणाले, “बोटं मोजलेली आजच बगतोय.”

शिवकन्येनं दोन सेट काउंटरवर मांडले. एक चकचकीत, आठ ते एकोणीस नंबरपर्यंत, कडं अगदी पातळ. दुसरा जरा मळकट दिसणारा, पण प्रत्येक पान्याची मान वळणारी आणि कड्यापाशी एक बारीक खटका.

अंगदचा हात चकचकीत सेटकडं गेला. सवयीनं त्यानं पाना तळहातावर घेतला, आणि तिची नजर पडताच गुन्हेगारासारखा खाली ठेवला.

“हा पातळ आहे, अरुंद जागेत छान जातो,” ती म्हणाली. “पण एकाच बाजूला फिरतो. उलट फिरवायचा तर काढून पालथा घालावा लागतो. आता समजा, तुम्ही बोल्ट खोलताय. बोल्ट बाहेर येतोय, येतोय... आणि मागच्या पत्र्याला टेकला. पाना बोल्ट आणि पत्रा यांच्या मधे सापडला. काढता येत नाही, पालथा घालता येत नाही. मग काय करणार?”

“बापरे,” अंगद म्हणाला. त्याला ते दृश्य दिसत होतं. खरं म्हणजे त्याला तिच्या हातांच्या हालचालीच दिसत होत्या. हवेतच तिनं बोल्ट, पत्रा, पाना, सगळं उभं केलं होतं.

“म्हणून खटक्याचा घ्या. कडं जरा जाड आहे, पण तुमच्या दोन बोटं आणि जराशात बसतं, मी आत्ताच मोजलं. तेरा नंबरला मान वाकवून घालायचा. आणि अडकलात तर खटका दाबायचा. मागं यायची सोय असलेली बरी.”

“आन् मागं यायचंच न्हाई म्हणलं तर?”

“...मी पान्याचं बोलतेय.”

“मी बी.”

बंकटमामांनी चहा अजून एक सांगितला.

“एक लक्षात ठेवा,” सेट बांधून देताना ती म्हणाली. “जाम झालेला नट आधी पान्याच्या दुसऱ्या टोकाच्या साध्या तोंडानं ढिला करायचा. मग रॅचेट. आणि दांड्याला पाइप घालून जोर लावायचा नाही. आतले दाते मोडतात.”

“न्हाई घालणार... म्याडम.”

ताईची म्याडम झाली होती. प्रगती होती.

त्यानंतर अंगदला कशाकशाची गरज पडू लागली! ग्रीसचा डबा संपला. हॅक्सॉचं पातं मोडलं. एकदा तो शंभर किलोमीटरवरून दोन वायसर घ्यायला आला. येताना कधी सीताफळं आणायचा, कधी नुसती बातमी. “तेरा नंबर मान वाकवून गेला, म्याडम! कव्हर न्हाई खोललं. अर्ध्या दिसाचं काम, अर्ध्या तासात!” आणि शिवकन्या अशी खुलायची, जणू त्या मशीनखाली तीच उताणी पडली होती. गिऱ्हाइकं रोज यायची, पण पाना कसा चालला हे सांगायला परत कोण येतं? तो मात्र एकेका नटाची हकिकत सांगायचा आणि ती हनुवटीला हात लावून ऐकायची. मधेच ती म्हणायची, “कोन किती होता?” तो हातानं कोन दाखवायचा. तो बरोबर असायचा. वहीत आता बोटं नव्हती. त्यानं स्वतःचा कॅलिपर घेतला होता आणि मिलिमीटरमध्ये लिहीत होता. तिला ते बघून आनंद झाला, आणि जरासं वाईटही वाटलं.

चौथ्या खेपेपासून म्याडमही गेली. आता तो नुसताच “ओ...” म्हणून थांबायचा. त्या तीन टिंबांत काय असावं यावर बंकटमामांचा स्वतंत्र अभ्यास सुरू होता.

आणि मग पालीच्या पाहुण्यांचा रविवार उद्यावर आला.

शनिवारी सकाळपासून परतीच्या पावसाची भुरभुर होती. बंकटमामा कडबाकुट्टीचा पट्टा घ्यायला आले होते. राधाकिशनराव गल्ल्यावर, शिवकन्या काउंटरवर. अंगद भिजत आला. त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेला सतराचा पाना काढून ठेवला. शिवकन्येनं तो फिरवला. किर्र नाही, काही नाही. कडं नुसतंच गरागरा फिरलं.

मशिनरीच्या दुकानात अशा वेळी एक ठरलेलं वाक्य असतं. गिऱ्हाईक पाना आपटतं आणि म्हणतं, ‘माल खराब हाय तुमचा.’ राधाकिशनरावांनी ते ऐकायची तयारी म्हणून चष्मा काढून ठेवला.

“पाइप घातलता,” अंगद म्हणाला. “तुमी नको म्हणलेलं. तरी घातला. मीच मोडला.”

राधाकिशनरावांनी चष्मा परत लावला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. तीस वर्षांच्या धंद्यात ‘मीच मोडला’ म्हणणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. असतो, एवढंच कीर्तनात ऐकलं होतं.

“पण का?” शिवकन्येनं विचारलं. आवाज शिक्षिकेसारखा करायचा तिचा बेत होता, पण तो जमला नाही. “एवढं सांगितलं होतं...”

“घाई हुती. सोमवारी मशीन निघतंय सांगलीकडं, कारखान्यावर. सहा महिने. त्याच्या आधी काम उरकून हितं यायचं हुतं.” तो थांबला. “आता नवा सतरा द्या. आन् सहा महिन्यांनी आलो की बाकीचं...”

“सहा महिन्यांनी हितं मोबाईल मिळतील,” राधाकिशनराव म्हणाले.

“म्हंजे?”

“उद्या पालीचे पाव्हणे येतेत हिला बगायला. जमलं तर दुकान बंद.”

अंगदनं भिंतीवरच्या पान्यांकडं पाहिलं, काउंटरवरच्या खोक्याकडं पाहिलं, मग शिवकन्येकडं. ती पट्ट्यांच्या रांगेकडं बघत होती, पण बंकटमामांचा पट्टा काही काढत नव्हती.

“असं कसं बंद?” तो राधाकिशनरावांना म्हणाला, जणू सरकारी कचेरीत तक्रार करतोय. “मी पंधरा वर्सं पाने धरतोय, काका. मला कुनी सांगितलं न्हाई पाना कसा निवडायचा. समदे म्हणले, जड घे. ह्यांनी पयल्यांदा विचारलं, जागा किती हाय. असं माणूस काउंटरवरून उठवायचं?”

“मंग काय करावं म्हणतोस?”

“सहा महिने मी मशिनीसंगं असतो. उरलेले सहा महिने...” इथं त्याचा आवाज घसरला. “मला हितं उभं र्‍हाऊ द्या. दुकान ह्यांचंच. त्या सांगतील तसं मी पाने दाखवीन. पट्टे काढीन. झाडून बी घेईन...”

“नोकरी पायजे व्हय तुला?” बंकटमामांनी विचारलं.

“न्हाई...”

“मंग सरळ बोल की बे! माझा पट्टा खोळंबलाय!”

अंगद शिवकन्येकडं वळला. “ओ...” तो म्हणाला. आणि नेहमीसारखा थांबला. यावेळी मात्र तिनं मान वर केली आणि वाट बघितली. “शिवकन्या,” तो म्हणाला. पहिल्यांदाच. “माझ्याशी लगीन करता का?”

बाहेरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत तिनं मोडक्या पान्याचं कडं बोटानं फिरवलं.

“तुमच्या आईला काय वाटेल?” तिनं विचारलं. “सून वडगावात, आणि जीव गेवराईच्या दुकानात...”

“आईला ईचारूनच आलोय. ती शेळ्या राखती, साखराबाई म्हणत्यात तिला. ती म्हनली, पोरगी दुकान सोडून येत असंल तर आनूच नको. सहा महिने तू नसतोस, मंग तिनं हितं माझ्या शेळ्यांची शेपटं मोजत बसायचं का? शेळ्या माझ्या मला पुरत्यात, म्हनली.”

शिवकन्येला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरले. तीन ठिकाणच्या पाहुण्यांनी चहा पीत विचारलेला तो प्रश्न या न बघितलेल्या बाईनं शेळ्या हाकता हाकता सोडवून टाकला होता.

“पाइप परत घालणार नसाल...” ती म्हणाली, “तर हो.”

“देवाशपथ न्हाई.”

“आणि सांगलीहून रोज सांगायचं. कोणता नट, किती जागा.”

“रोज. मिलिमीटरमधी.”

“...बोटांत सांगितलं तरी चालेल,” ती हळूच म्हणाली. “मला तुमचं माप माहीत आहे.”

बंकटमामांनी घसा खाकरला. तसा अंगद भानावर आला, काउंटरला वळसा घालून आत शिरला आणि पट्ट्यांच्या रांगेसमोर जाऊन उभा राहिला. तिथं शे-दीडशे पट्टे लटकत होते. त्याला एकाचंही ठिकाण माहीत नव्हतं. “डावीकडं,” शिवकन्या म्हणाली. “खाली... अजून खाली... तो नाही हो!” तिनं त्याचा हात धरला आणि बरोबर पट्ट्यावर नेऊन ठेवला. पट्टा सापडला तरी बराच वेळ दोघांनीही तो खाली काढला नाही.

राधाकिशनरावांनी हे सगळं पाहिलं. मग फोन उचलून पालीला लावला.

“नमस्कार, राधाकिशन बोलतो, गेवराईहून. उद्याचं रद्द करा म्हणतो... हां... कावून?” त्यांनी पट्ट्यांकडं पाठ केली, घसा साफ केला आणि शांतपणे सांगितलं, “दुकान चालू ठेवायचं ठरलंय.”